आनंदाच्या रकान्यात माझा राग

मी बुलढाण्याच्या कोर्टात शिपाई आहे. शिपाई म्हटलं की लोकांना पाणी देणारी, फायली उचलणारी बाई दिसते, आणि ते खोटंही नाही. पण माझं मुख्य काम पुकाऱ्याचं. साहेबांनी मान हलवली की दाराशी उभं राहून वादी-प्रतिवादींची नावं व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचतील अशी म्हणायची. डोणगावकडून, पिंपळगाव राजाकडून पहिली एसटी धरून आलेली माणसं बाहेर लिंबाखाली बसलेली असतात. पुकारा कानावर पडला नाही तर ती गैरहजर धरली जातात आणि तारीख हातची जाते. त्यामुळे आवाज मोठा लागतो आणि उच्चार स्वच्छ लागतो. माझ्याकडे दोन्ही होतं. वकील म्हणायचे, या बाईचा पुकारा स्टँडवर ऐकू येतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानापुढे गाठ आली. दुखत नव्हती म्हणून मी अंगावर काढली. तपासलं तेव्हा ती वाईट निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं की चेहरा हलवणारी नस गाठीच्या पोटातूनच गेली आहे. गाठ काढली तर नस राहणार नाही. मी सही केली. जीव वाचला आणि चेहऱ्याची डावी बाजू गेली.

गेली म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. डावा डोळा मिटत नसे, झोपताना त्यावर पट्टी चिकटवावी लागे. चहा डाव्या कोपऱ्यातून पदरावर उतरे. ओठ मिटत नाहीत तर प, ब, म कुठून निघणार? ज्या नावांत ही अक्षरं होती ती माझ्या तोंडून हवेसारखी जायची. एक म्हातारा अपिलाच्या तारखेला दिवसभर लिंबाखाली बसून राहिला. त्याचं नाव मी तीनदा पुकारलं होतं, त्याला ते स्वतःचं वाटलंच नाही. त्यानंतर पुकारा काढून घेतला आणि मला नक्कल विभागात, निकालांच्या प्रती द्यायला बसवलं. साहेब रागावले नाहीत, उलट समजुतीनंच बोलले. मी ‘हो साहेब’ म्हणाले आणि त्यातला ब त्यांना ऐकू गेला नसावा.

माझी नणंद डोणगावला असते. मी त्यांना आक्का म्हणते. आठवडी बाजारात भाजी विकतात, तोंड फटकळ, कोणाला घाबरत नाहीत. त्यांनीच कुठूनतरी ऐकलं की पुण्यात असे चेहरे दुरुस्त करतात. मी नको म्हणत होते. आक्का म्हणाल्या, “जगाले दाखवाले नको जाऊ. तुह्या पुकाऱ्यासाठी चाल.”

पुण्याचे सर्जन शांत माणूस होते. त्यांनी कागदावर चेहरा काढून समजावलं. मांडीतून स्नायूचा एक पट्टा काढायचा, गालात बसवायचा, एक टोक ओठाच्या कोपऱ्याला शिवायचं. आता त्याला हलवणारी नस हवी. चेहऱ्याची तर गेलेली. म्हणून दात चावायची जी नस असते तिची एक फांदी त्याला जोडायची.

“पण एक ध्यानात ठेवा,” ते म्हणाले, “हसायचं असेल तेव्हा दात चावायचे. चावलं की गाल वर जाईल.”

ऑपरेशन झालं. पाच महिने काहीच हललं नाही. मग एक दिवस भाकरीचा घास चावताना डाव्या ओठाचा कोपरा फडफडला. आक्का समोर होत्या, त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुढचं वर्षभर सराव केला. आरशासमोर बसायचं, डावीकडे दात चावायचे, त्याच क्षणी उजवीकडे हसायचं, दोन्ही बाजू एका वेळी, एका उंचीवर. आक्का आल्या की समोर बसून हुकूम सोडायच्या, “चाव.” आमच्या घरात हसण्यालाच चावणं म्हणू लागले. लग्नात फोटो काढताना सगळे फोटोवाल्याकडे बघत आणि आक्का मला बाजूनं म्हणत, “चाव बाई, चाव.”

ओठाला आधार मिळाला तसे प, ब, म बरेच परतले. साहेब बदलले होते. नव्या साहेबांना मी अर्ज दिला आणि पुकारा परत मागून घेतला. पहिल्या दिवशी दाराशी उभी राहून पहिलं नाव पुकारलं. व्हरांड्याच्या टोकाशी बसलेला माणूस उठला, तेव्हाच दुसरं नाव घेतलं.

पण या हसण्याला एक खोड आहे. सरावानं दोन्ही बाजू इतक्या जुळल्या की डावीकडे दात चावले की उजवी बाजू आपसूक वर जाते. आता माणूस दात कधी चावतो? जड उचलताना. थंडीत. दुखलं तर. आणि मुख्य म्हणजे राग आल्यावर. मी रागावले की माझा चेहरा हसतो.

कोर्टात राग यायला कारणं भरपूर. एकदा पोटगीच्या केसमध्ये एक बाई साक्ष देत होती. जाफराबाद रस्त्याकडच्या गावची, अंगावर इस्त्रीची साडी, ती कोणाकडून तरी मागून आणलेली असावी. समोरच्या वकिलानं तिला असा एक प्रश्न विचारला जो केसला लागत नव्हता, फक्त तिला खाली बघायला लावणारा होता. साहेबांनी तो प्रश्न रद्द केला, पण विचारला तर गेलाच. मी दाराशी उभी होते. माझे दात आवळले गेले. त्या बाईनं मान वर केली, तिची नजर नेमकी माझ्यावर पडली आणि ती बोलायचीच थांबली.

बाहेर आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली.

“तुमी बी बाईच ना?” ती म्हणाली. “मंग काऊन हासल्या?”

मी तिला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं. कानापुढचा वण दाखवला, तिचं बोट माझ्या जबड्यावर ठेवून दात चावून दाखवले, गाल कसा वर जातो ते दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाली आणि भावासोबत निघून गेली. तिचा विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. तिचं प्रकरण पुढे तडजोडीत मिटलं, ती परत आली नाही.

यानंतर दोनेक महिन्यांनी मला पुण्याला तपासणीला बोलावलं. आक्का सोबत होत्या. सर्जन म्हणाले की आता हसू मोजायला त्यांच्याकडे संगणक आला आहे, एक इंजिनीअर मॅडम ते काम बघतात, संशोधन आहे, तयारी असेल तर सही करा. संमतीपत्र चार पानांचं होतं. मी चारही पानं वाचली. मॅडमना त्याचं नवल वाटलं. मी म्हटलं, कागद न वाचता सही केलेल्यांचीच नावं मी रोज पुकारते.

मॅडम तिशीच्या आतल्या, बोलायला गोड. त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. पडद्यावर माझा चेहरा आला आणि त्यावर बारीक ठिपके उमटले, भुवयांवर, नाकावर, ओठांच्या कडेनं. मी हलले की ठिपके हलत. “हलकं हसा. आता पूर्ण. आता दात न चावता प्रयत्न करा.” प्रत्येक वेळी कोपरा किती मिलिमीटर वर गेला, किती बाहेर गेला, ते लिहून येई. डावा कोपरा वर जाण्यापेक्षा बाहेर जास्त ओढला जातो, हे त्या यंत्रानंच दाखवलं. इतकी वर्षं डॉक्टर बघून ‘छान आहे’ म्हणत होते, माझा आरसाही तेच म्हणत होता. त्यावरून मला नवा व्यायाम मिळाला आणि त्याचा उपयोग झाला. मोजण्याला माझी कधीच ना नव्हती. आजही नाही.

मग मॅडम म्हणाल्या, “काकू, आता काही करायचं नाही. फक्त व्हिडिओ बघायचा. आपोआप हसू येतं का, ते आम्हाला बघायचंय.”

पहिल्या तुकड्यात एक कुत्रं सोफ्यावरून घसरत होतं. दुसरा तुकडा टीव्हीवरच्या कुठल्याशा विनोदी कार्यक्रमातला होता. शहरातलं ऑफिस, तिथे एक खेडवळ बाई येते. लुगडं घोट्याच्या वीतभर वर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर गाठोडं. ती तोंड उघडते आणि म्हणते, “मले सायबाले भेटाचं हाय.” लोक हसतात. “काऊन?” म्हणते, लोक अजून हसतात. विनोद वेगळा नव्हताच. ‘मले’ म्हणणं हाच विनोद. आणि तेही धड नाही. ‘मी येऊन राह्यलो’ असं ती बाई स्वतःबद्दल पुरुषासारखं म्हणत होती. आमच्याकडची चार वर्षांची पोरगीही अशी चूक करत नाही. कोणीतरी पगार घेऊन हे लिहिलं होतं, आणि लिहिण्याआधी आमच्याकडच्या एका माणसाचं बोलणं नीट ऐकावं इतकीही तसदी घेतली नव्हती.

माझी आई अशीच बोलायची. मी घरी अशीच बोलते. कोर्टात मी शुद्ध बोलते ते शिकून, घासून, पुस्तकं वाचून. आणि तरीही पुण्याहून आलेल्या वकिलांसमोर एखादं ‘मले’ निसटलं तर त्यांच्या ओठांच्या कडा कशा हलतात ते मी पाहिलेलं आहे. ते मोजायला कोणी यंत्र आणत नाही. मी खुर्चीत बसून पडदा बघत राहिले आणि माझे दात एकमेकांवर बसले.

“अरे वा!” मॅडम म्हणाल्या. “काकू, बघा ना! किती सुंदर आलंय.”

पडद्यावर एक रेघ होती. बराच वेळ तळाशी सरपटत आलेली, आणि शेवटी एकदम उभी चढलेली. शेजारी ‘आनंद’ असा शब्द आणि पुढे आकडा. त्यांच्याकडे आलेल्या सगळ्या पेशंटांत इतका मोठा आकडा आजवर कोणाचाच नव्हता म्हणे. मॅडमचा चेहरा खरोखर फुलला होता.

“मी हसले नाही,” मी म्हटलं.

“अहो, हे काय दिसतंय!”

“ते दात आहेत. मला राग आला होता.”

मॅडम गोंधळल्या. “राग? विनोदी व्हिडिओचा?”

मी सांगितलं. माझी भाषा, ती बाई, ते हसणारे लोक. मॅडम ऐकत होत्या, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या रेघेकडे जात होती. म्हणाल्या, “काकू, त्यात कोणाला दुखवायचा हेतू नव्हता. आम्ही पाच-सहा जणांनी बसून निवडलाय तो. आम्हाला तर खूप हसू आलं होतं.”

“त्यात आमच्याकडचं कोणी होतं?”

त्यांनी नाही अशी मान हलवली. मी विचारलं, आनंद म्हणजे काय हे या यंत्राला कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, त्याला हजारो हसरे चेहरे दाखवलेले असतात. मी विचारलं, कोणाचे? “नॉर्मल लोकांचे,” त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. मला वाटलं, यांचं बरं आहे, यांनी चावलं तरी चेहरा हसत नाही.

आक्का एवढा वेळ भिंतीशी बसून होत्या. त्या उठल्या. “म्याडम, इतक्या दुरून आमी आमच्यावरच हासाले आलो काय? तिचं तोंड वर झालं म्हून ती खुश झाली? बैल बी दात चावते. त्याले बी खुश लिहून घ्या मंग.”

आवाज ऐकून सर्जन आत आले. त्यांनी रेकॉर्डिंग पाहिलं आणि त्यांना क्षणात कळलं. “बरोबर आहे,” ते मॅडमना म्हणाले, “हा स्नायू चावण्याच्या नसेवर आहे. रागानं दात आवळले तरी हलणार.” मला वाटलं, झालं, संपलं. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, मनावर घेऊ नका. एवढ्या लोकांत एखादं असं चुकीचं येतंच. त्यानं फरक पडत नाही.”

“मग ते एक काढून टाका.”

“तसं करता येत नाही. पेशंट म्हणाला म्हणून एक काढलं तर उद्या दुसरा म्हणेल, माझंही काढा. मग संशोधनाला अर्थ काय राहिला?”

ते उद्धटपणे बोलले नाहीत. म्हणूनच मला जास्त लागलं. ज्या माणसानं मला ओठ परत दिले त्याच्याशी मी भांडत होते, आणि माझा चेहरा, मला जाणवत होतं, हसत होता. समोरच्या काचेत मी तो पाहिला. मी जबडा सैल सोडला, दोन श्वास घेतले आणि मग बोलले.

“साहेब, मी कोर्टात काम करते. खुनाचा आरोप असलेल्या माणसालाही आमचे साहेब शेवटी विचारतात, तुझ्याविरुद्ध हे हे आलं आहे, तुला काय म्हणायचंय? तो खोटं बोलेल हे माहीत असतं. तरी विचारतात, आणि तो म्हणेल ते लिहून घेतात. इथे माझ्याच चेहऱ्याबद्दल मला कोणी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं, तर म्हणता फरक पडत नाही.”

मी संमतीपत्र काढलं आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. सहभागी व्यक्ती कधीही, कारण न देता माघार घेऊ शकते. मॅडमचा चेहरा उतरला. माझी माघार म्हणजे मिलिमीटरचे आकडेही गेले असते, आणि ते खरे होते, उद्या दुसऱ्या कोणाच्या कामी येणारे होते. ते घालवणं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून मी कोरा कागद मागितला आणि अर्ज लिहिला. दुसरा तुकडा बघताना मला राग आला, ते हसू नव्हते, हे माझे म्हणणे त्या नोंदीसोबत कायम जोडावे. जोडायचे नसल्यास माझे सर्व चित्रीकरण काढून टाकावे. खाली सही केली. झेरॉक्स काढून आणली आणि म्हटलं, “पोच द्या.”

पोच म्हणजे काय ते मॅडमना ठाऊक नव्हतं. सर्जनना होतं. त्यांनी झेरॉक्सवर ‘अर्ज मिळाला’ लिहून सही केली, तारीख घातली. शिक्का त्या खोलीत नव्हता. मी तोही खालच्या खिडकीवरून मारून आणला. आक्का म्हणाल्या, एवढ्या वेळात दोनदा जेवण झालं असतं.

गावी आल्यावर बरेच दिवस मी धुमसत होते. कामावरच्या एकानं समजावलं, “ताई, फुकटात उपचार झाले, चेहरा नीट झाला, कायले वाद घालता?” हे मला फार ऐकावं लागलं. जणू ओठाचा कोपरा दिला म्हणजे त्यामागचं मनही त्यांच्या नावावर झालं.

चार-पाच महिन्यांनी मॅडमचा फोन आला. अर्ज फाईलला लावल्यावर त्यांना चैन पडेना. ज्यांना चावण्याची नस जोडली होती अशा बाकीच्या पेशंटांना त्यांनी फोन करून विचारलं, व्हिडिओ बघताना तुम्हाला काय वाटत होतं? एका मुलीला हसू आलं होतं, खरंखुरं. एका माणसाला खुर्ची टोचत होती. एक आजोबा तर गालात सुपारी ठेवून बसले होते, आणि यंत्रानं त्यांना दोन्ही तुकड्यांत अतिशय आनंदी ठरवलं होतं.

“काकू, मी आधीच विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“हाव,” मी म्हटलं. ‘हो’ येत असून, मुद्दामच.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दुसरा तुकडा बदललेला होता. आता तिथे एक लहान बाळ कागद फाडल्याचा आवाज ऐकून खिदळत होतं. मला हसू आलं नाही. रात्रभर बसमध्ये मान अवघडली होती, त्यात बाळाचं काय करणार? रेघ तळाशीच राहिली, आकडा अगदीच लहान आला. मॅडमनी तो तसाच लिहिला. मग छापील कागद पुढे केला: बघताना काय वाटलं, आपल्या शब्दांत लिहा. खाली तीन मोकळ्या ओळी. मी लिहिलं, काही वाटलं नाही, मान दुखते आहे. त्यांनी वाचलं आणि फाईलला लावलं.

पडद्यावर रेघेशेजारी तो शब्द मात्र अजून तसाच होता. आनंद. मी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कधी जाणार? मॅडम म्हणाल्या, तो प्रोग्राम बाहेरच्या कंपनीचा आहे, शब्द बदलणं आमच्या हातात नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

सरकारी कचेरीत उभी हयात काढलेल्या बाईला ‘बोलणं चालू आहे’ याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी त्यांना त्या कंपनीचा पत्ता मागितला. त्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून दिला, परदेशातला होता, इंग्रजीत. आक्कांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “तेथिसा मराठी चालते काय?”

“नाही चालली तर त्यांनी शिकावी,” मी म्हटलं.